तीनशे सहावं नाव

वेस्टरमाउडन,
मंगळवार, ७ जून

प्रिय लुबर्ट,

तुझं पार्सल गुरुवारी गेर्ब्रांडकाकांच्या पत्त्यावर पोचलं. कॉफीचा एक डबा, लोकरी मोज्यांचे दोन जोड, राय धान्याच्या कडक पावाचं पुडकं (कोपरे मोडलेत, चव शाबूत आहे) आणि तुझ्या छोट्या मेटानं काढलेलं चित्र. पार्सलवर तुमच्या स्वीडनच्या टपालाचा जो आकार छापलाय तो युरोत करून पाहिला, साडेसतरा होतात. एवढ्यात इथं चार डबे कॉफी येते. पुन्हा असं करू नकोस. चित्र घडी घालून पाकिटातूनही आलं असतं. या आठवड्यात घरात आणखी काय आलं तेही लिहिते, म्हणजे हात चालू लागेल: बटाटे पाच किलो, तीन युरो वीस. गाजरं, नव्वद सेंट. पेपरमिंटच्या दोन गुंडाळ्या, एक युरो दहा. तुझ्या बाबांना अजूनही चर्चमधल्या एका प्रवचनाला दोन गोळ्या लागतात, लांबलं तर तीन. आणि टपालाचं एक तिकीट, परदेशचं. त्याची किंमत माझ्या वहीत नाही. हल्ली तिकिटावर आकडा छापत नाहीत, नुसतं 'युरोप' लिहिलेलं असतं, आणि शिवाय ते मी आणलेलं नाही. त्याचं शेवटी लिहीन.

काकांनी तुला फोन केला असेल तर त्यांनी सांगितलेल्यातलं अर्धं सोडून दे. त्यांच्या तोंडी दोन गोलांचे चार होतात हे तुला ठाऊक आहे. जे झालं ते मी क्रमानं लिहिते. माझी तब्येत बरी आहे, बाबांचीही. फक्त शनिवारपासून मला काही जाणवेनासं झालंय. मासळीच्या शेडमध्ये बर्फात दोन तास काम केल्यावर बोटं जशी परक्या माणसाची वाटायची, तसं आता सगळंच वाटतं. काल गरम पातेलं नुसत्या हातानं उचललं आणि ते गरम होतं हे खाली ठेवल्यावर कळलं. फोड आलेला नाही. काळजी करू नकोस.

आपल्या गावचे पिवळे यंदा शनिवारी खेळणाऱ्या फुटबॉल संघांत पहिले आले. पहिलं आलं की वर जाता येतं, आणि वर म्हणजे पगारी खेळाडूंच्या वर्गात, जिथं सामना कुठल्या वारी ठेवायचा हे आपल्या हातात राहत नाही. रविवारीही खेळावं लागतं, आणि आपल्याकडे रविवार देवाचा. एप्रिलपासून गावात दुसरा विषय नाही. पावाच्या दुकानात तेच, उपासना सुटल्यावर चर्चच्या फाटकापाशी तेच, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानासुद्धा तेच. आधी भांडण खेळावरून सुरू झालं. नवा प्रशिक्षक शहरातला. त्याला चेंडू जमिनीवरून हवा, छोटा छोटा, याच्याकडून त्याच्याकडे, परत याच्याकडे. काका कठड्यापाशी उभे राहून ओरडतात, "अरे जाळं विणताय की खेळताय? पाहुणे दारात उभे आहेत आणि तुम्ही किटली स्वैपाकघरातच फिरवताय!" त्यांचं म्हणणं तुला पाठ आहे. बांधावरचा वारा हा आपला बारावा गडी, चेंडू उंच मारा, वाऱ्यावर सोडा आणि मागं धावत सुटा. त्यावर हेस्सेल, तोच शीतगृहवाला, कोटाच्या खिशातले हात न काढता म्हणतो, "गेर्ब्रांड, तुझा वारा काही बसमध्ये बसून परगावच्या सामन्याला येत नाही." काका म्हणतात, "तुझी पोरं तरी कुठं येतात बसमध्ये? ती आपापल्या मोटारींनी येतात, आणि पेट्रोल आम्ही घालतो!"

हे पेट्रोलाचं खरं आहे. अकरांपैकी सात जण आता बाहेरचे. त्यांना पगार देत नाही असं आपण सांगतो, प्रवासभत्ता देतो. एकाचा भत्ता मी सहज किलोमीटरमध्ये करून पाहिला. मुलगा आठ किलोमीटरवर राहतो आणि आपण त्याला दर महिन्याला रोमला नेऊन परत आणतो. मी बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, "वहीत जे आहे ते वहीत राहू दे, सभेत मी विचारीन," आणि त्यांनी विचारलंही, दोनदा, आणि दोन्ही वेळा उत्तराऐवजी कॉफी आली. एक मात्र तुला सांगते, बाबांना सांगू नकोस. तो छोट्या पासचा खेळ बघायला मला आवडतो. नीट ठेवलेल्या वहीसारखा दिसतो, इकडून गेलं ते तिकडं जमा. पण त्यात तुझ्यासारखं डावीकडच्या रेषेवरून एकटं सुटणारं कुणी नाही. चेंडू रेषेपर्यंत जातो आणि थांबून मागं बघतो.

मग भांडण खेळावरून पैशावर आलं. वर जायचं तर नवे दिवे हवेत, खुर्च्या हव्यात, वर्षाचा खर्च तिप्पट. हेस्सेलनं तीन वर्षांत सहा लाख युरो देऊ केले. सव्वीस वर्षं बाबा क्लबचे खजिनदार आहेत, म्हणजे बाबा सही करतात आणि लिहिते मी. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत हिशेबाला गावात मी पहिली होते. पुढं शिकवायला तुझ्या आजोबांकडे पैसे नव्हते. त्याचं काही नाही, हिशेब कुठंही करता येतो. हेस्सेलचे कागद बाबांकडे आले आणि बाबांनी ते बटाट्याच्या टोपलीशेजारी माझ्यासमोर ठेवले. मी तीन संध्याकाळी वाचले. पहिल्या पानावर 'देणगी' होती आणि चौथ्या पानावर तीच रक्कम 'कर्ज' झाली होती, तारण म्हणून कँटीन आणि मैदानाचा भाडेपट्टा. मी पेन्सिलीनं खूण करून ठेवली.

सभा शनिवारी चार वाजता क्लबच्या कँटीनमध्ये. बोटी सगळ्या धक्क्याला लागलेल्या, घराघरातले सभासद हजर. खुर्च्या पुरल्या नाहीत, बिअरचे क्रेट उलटे करून लोक बसले. बाबा उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "पहिल्या पानावर देणगी, चौथ्यावर कर्ज. मधल्या दोन पानांत तिला काय झालं?" हेस्सेल हसला. म्हणाला, "रीकेल्ट, जन्मभर मासे धरलेस तू. आमिष लावल्याशिवाय काही हाताला लागतं का?" काका क्रेटवरून ओरडले, "आमिष आहे हे कबूल केलंस! आता गळ कुठाय तेही दाखव!" सगळं कँटीन हसलं, हेस्सेलचे लोकसुद्धा. पण हसू थांबल्यावर त्यांतलाच एक म्हणाला, "हसा लेको. दहा वर्षांनी हीच पोरं शेजारच्या गावात जाऊन खेळतील, आणि आपण इथं वाऱ्याला टाळ्या वाजवू." त्यातही तथ्य होतं. मग कुणीतरी म्हणालं की पैसा बाजूला ठेवा, रविवारचं काय? यावर मुलींच्या संघातली एक उठली. "रविवारी शीतगृहाची यंत्रं बंद असतात का? नाही ना? मग मासे गोठलेले चालतात आणि आम्ही पळालेलं चालत नाही?" तिची आई लाल झाली. पाळकसाहेबांचं पत्र वाचून दाखवलं. सगळ्यांनी आदरानं ऐकलं आणि पुन्हा आपापलं बोलायला लागले.

रविवार हा शब्द जितक्या वेळा उच्चारला गेला तितक्या वेळा लोक आमच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते. तुझं नाव कुणी काढलं नाही. अकरा वर्षं कुणी काढलेलं नाही. आमच्यासमोर तरी.

तो शुक्रवार मला रोज आठवतो असं नाही. पण आठवतो तेव्हा सगळा आठवतो. वाटाण्याचं सूप होतं. तू म्हणालास की शहरातल्या क्लबनं तुला घेतलंय. बाबांनी विचारलं, "रविवारी खेळतात ते?" तू म्हणालास, "रविवारी खेळतात." बाबांनी चमचा खाली ठेवला. मग नेहमीप्रमाणे जेवणानंतरचा बायबलमधला शास्त्रपाठ वाचला, एक शब्द अडखळले नाहीत. पुस्तक मिटलं, कपाटातून सभासदांची नोंदवही काढली आणि लाल पेनानं तुझ्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली. पट्टी ठेवून. मी ताटं उचलली. तू माझ्याकडे पाहिलंस, हे मला दिसलं होतं. मी ताटं उचलली आणि नळ सोडला. सोमवारी तू बसनं गेलास तेव्हा मी पाव बांधून दिला, लोणी जास्त लावलं. तुझी आई त्या दिवशी काहीच का बोलली नाही, असं तू कधी विचारलं नाहीस. ते तुझं मोठेपण.

पण पुढच्या जानेवारीत जुनी नोंदवही संपली. नव्या वहीत सगळी नावं उतरवायचं काम माझं. शेवटचं नाव लिहून झालं, पानावर एक ओळ उरली, आणि मी तुझं नाव लिहिलं. वर्गणी भरली मासळीच्या शेडमधल्या कमाईतून. शुक्रवारी मासे साफ करायला मी का जाते, असं बाबांनी विचारलं तेव्हा पडदे करायचेत असं मी म्हणाले. पडदे अजून तेच आहेत. पहिलं वर्ष जुन्या गिल्डरमध्ये, मग युरो आला, मग वर्षाला शहाण्णव युरो. दर जानेवारीला तुझं नाव शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात, आणि त्याखाली बाबांची खजिनदार म्हणून सही. नवऱ्याला फसवणं हे पाप आहे, मला माहीत आहे. दर रविवारी दुसऱ्या उपासनेत मी त्याची क्षमा मागते आणि दर जानेवारीला पुन्हा करते. ज्याची क्षमा मागायची तेच पुन्हा करायचं ठरवून ठेवलेलं असेल तर ती क्षमा जमेला धरत असतील का, हे मी पाळकसाहेबांना विचारलेलं नाही.

सभेत वाचायची यादी मात्र मी दरवर्षी वेगळ्या कागदावर हातानं काढायचे, आणि त्यात तुला घ्यायचे नाही. यंदा हेस्सेलच्या मुलीनं सगळी नोंदवही संगणकावर चढवली आणि छापूनच आणली. मी म्हटलं, मी काढते की हातानं. ती म्हणाली, "असू द्या हो काकू, डोळे कशाला शिणवता?" मला ते कागद तेव्हाच मागून घ्यायला हवे होते. मी तिला कॉफी दिली आणि हेस्सेलच्या पानांवरच्या खुणा तपासत बसले. सव्वीस वर्षांत माझ्या हातून झालेली ही एकच चूक.

हजेरीची पद्धत तू विसरला नसशील. मतं घेण्याआधी अध्यक्ष एकेक नाव मोठ्यानं वाचणार, माणूस 'हजर' म्हणणार. बोट बाहेर असेल तर त्याच्या घरचं कुणीतरी उठून 'समुद्रावर' म्हणणार, आणि मग त्याचं मत राखून ठेवायचं. तेउनिस आता अध्यक्ष आहे, शाळेत तुझ्यामागं बाकावर बसायचा तो. त्यानं तीनशे पाच नावं वाचली. तीनशे पाच वेळा हजर. अर्धा तास गेला. मी जमेच्या पानावर खुणा करत होते. मग त्यानं शेवटच्या कागदाचा खालचा कोपरा डोळ्यांजवळ नेला आणि वाचलं, "लुबर्ट, रीकेल्टचा."

तो वाचून थांबला. आपण काय वाचलं हे त्याला नंतर कळलं असावं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हे नाव खोडलेलं आहे ना?" दुसरा म्हणाला, "रविवारी खेळणारा सभासद राहत नाही, नियम चौथा." काका उठले. "कुठला रविवार? आठ वर्षांपूर्वी गुडघा गेला त्याचा. आता तो गुडघा आठवड्याचे सातही दिवस शब्बाथची विश्रांती पाळतो!" कुणी हसलं नाही. तेउनिस घाम पुसत म्हणाला, "खजिनदारांना विचारू या. वर्गणी भरलेली आहे का?" मी खुणेची पेन्सिल धरून बसले होते. मला वाटलं होतं की असं काही झालं तर माझं काळीज बाहेर येईल. तसं काही झालं नाही. मी पेन्सिलीचं टोक पाहत होते आणि ते तासायला झालंय असं वाटत होतं. नोंदवही बाबांच्या पुढ्यात होती. त्यांनी ती उघडली नाही. उठून उभे राहिले, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "भरलेली आहे. अकरा वर्षांची." आणि मग, जणू तेउनिसनं आत्ताच नाव वाचलंय अशा आवाजात, "समुद्रावर."

मागून एकजण पुटपुटला, "स्वीडन म्हणजे समुद्रावर का?" काका तयारच होते. "मग मधे काय दूध आहे?" या वेळी लोक हसले, आणि तेउनिसनं घाईघाईनं खूण केली.

मतं मोजली. वर जायचं तर दोन तृतीयांश लागतात. बाजूनं दोनशे तीन, विरुद्ध एकशे दोन. लोक माझ्याकडे बघायला लागले, कारण भागाकार मीच करते. तीनशे सहाचे दोन तृतीयांश दोनशे चार. म्हणजे एक मत कमी, आणि एक मत समुद्रावर. तुझं नाव यादीत नसतं तर तीनशे पाचांत दोनशे तीन पुरले नसते, थोडक्यात का होईना, आणि विषय तिथंच संपला असता. बाबा जिंकले असते. हे बाबांना माझ्याआधी कळलं होतं असं मला वाटतं. तेउनिसला उशिरा कळलं, पण माणूस चांगला आहे. तो जवळ येऊन हळू म्हणाला, "रीकेल्ट, गडबडीत बोलला असशील. शब्द मागे घ्यायचा तर अजून घेता येईल, मी कागदावर काही लिहिलेलं नाही." बाबा म्हणाले, "समुद्रावर आहे म्हटलं ना." मग टोपी घातली आणि माझा कोट आणायला गेले. बाबा कधी माझा कोट आणत नाहीत.

घरी आल्यावर मी जेवण वाढलं. बाबा जेवले. गाजरं गोड आहेत म्हणाले. शास्त्रपाठ वाचला. रविवारी दोन्ही उपासनांना गेलो, स्तोत्रं म्हटली, लोक नेहमीसारखे बोलले किंवा थोडं जास्तच नेहमीसारखे. मी सारखी एकच गोष्ट डोक्यात फिरवत होते. अकरा वर्षं सही करताना बाबा पेन टेकवायचे ते तुझ्या नावाखाली अर्ध्या बोटावर. मी समजत होते की ते न वाचता सही करतात. जो माणूस चौथ्या पानावरचं कर्ज बघतो तो शेवटची ओळ बघत नाही, हे मी कसं मानलं? म्हणजे मी अकरा वर्षं लपवत होते आणि ते अकरा वर्षं माझ्यापासून हे लपवत होते की त्यांना दिसतंय. दोघं एकाच टेबलाशी. याचा आनंद मानायचा की आणखी काही, ते मला ठरवता येत नाही. सोमवार उजाडल्यावर मी बटाटे सोलले.

तुला सावध करायचं ते करते. हेस्सेल काल सकाळी दारात आला होता, फुलं घेऊन. तू रविवारी खेळलेला माणूस, म्हणजे तुझं मत त्याचंच, असा त्याचा हिशेब. तुझ्या विमानाचं भाडं देतो म्हणाला. मी म्हटलं, ते देणगी आहे की कर्ज, ते चौथ्या पानावर बघून सांगते. फुलं शेजारणीला दिली. गावात असंही बोलतील की खजिनदारानं एका मतासाठी मुलगा शोधून काढला. आणि तू विरुद्ध मत दिलंस तर म्हणतील, बापानं शिकवलं. काहीही केलंस तरी बोलणारच, तेव्हा ते मनावर घेऊ नकोस. मी आकडे वेगळ्या कागदावर सोबत ठेवले आहेत, हेस्सेलची चारही पानं उतरवून. वाच आणि तुला जे दिसेल ते ठरव. मी विचारणार नाही आणि बाबाही विचारणार नाहीत.

आता तिकिटाचं. काल दुपारी बाजारातून आले तेव्हा ते टेबलावर होतं, माझ्या घरखर्चाच्या वहीवर बरोब्बर मधोमध, उडू नये म्हणून वर मीठदाणी ठेवलेली. बाबा मागच्या अंगणात होते. मी खिडकीतून पाहिलं. मान वर न करता ते म्हणाले, "नियम अकरावा वाच," आणि पुन्हा जाळ्याच्या गाठी मारायला लागले. नियम अकरावा बाबांनीच लिहिलेला आहे, तू पाळण्यात होतास तेव्हा. एका सुनेनं समुद्रावरच्या नवऱ्याच्या नावानं सासऱ्याविरुद्ध मत टाकलं होतं, त्या भानगडीनंतर. त्यात लिहिलंय की समुद्रावरच्या सभासदाचं मत टपालानं धरायचं नाही, घरच्यांच्या हातून धरायचं नाही. त्यानं किनाऱ्याला लागून सभेपासून एकवीस दिवसांच्या आत स्वतः येऊन, स्वतःच्या हातानं ते पेटीत टाकायचं. हा नियम मला पाठ होता आणि शनिवारी तो मला आठवला नाही. बाबांना आठवत होता. पेटी कँटीनमध्ये आहे, किल्ली बाबांच्या खिशात. शेवटचा दिवस शनिवार, २५ जून, संध्याकाळी पाचपर्यंत. त्यानंतर रविवार येतो. रविवारी आपल्याकडे शेगडी पेटत नाही, सूप शनिवारीच करून ठेवावं लागतं, आणि सुपाची हाडं हवी असतील तर कसायाला गुरुवारी सांगावं लागतं. तू एकटा आहेस की तुम्ही तिघं, मेटाला गाजरं चालतात का, आणि रविवारी राहणार की शनिवारीच परत फिरणार, हे कळल्याशिवाय किती जणांचं करायचं ते मला ठरवता येत नाही. तेवढं परतटपाली कळव. पाकीट काकांच्या पत्त्यावर नको, इथल्याच पत्त्यावर टाक.

तुझीच,
आई